ग्लॉकोमाचा रंग

रंगाच्या दुकानात सगळे तिला ताई म्हणत. भिंतीचा पोपडा आणून दिला की ताई त्याच्याशी तंतोतंत जुळणारी छटा कालवून द्यायची. अलीकडे मात्र डावीकडच्या रॅकला ती सारखी धडकायची. दंड काळानिळा झालेला पाहून मालकाने तिला बळेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"ग्लॉकोमा आहे. काचबिंदू," बाई म्हणाल्या. "डोळ्यातल्या दाबाने मागची नस झिजते. कडेचं दिसणं आधी जातं. गेलेलं परत येत नाही. थेंब नेमाने टाकले तर उरलेलं टिकवता येतं."

ताईला काहीतरी विचारायचं म्हणून सुचलं ते एवढंच, "या शब्दाचा अर्थ काय हो?"

"जुना ग्रीक शब्द आहे. ग्लाउकोस म्हणजे निळसर, हिरवट, करडा, असा मधलाच रंग. दृष्टी गेलेल्या काही डोळ्यांत तशी झाक दिसायची, त्यावरून नाव पडलं म्हणतात."

रंग म्हटल्यावर ताईला चैन पडेना. घरी पापण्या ताणून ती आरशाला चिकटली. दुकानात निळ्यात थोडा हिरवा, वर किंचित काळा घालून तिने तो रंग पट्टीवर ओढला आणि आरशात बघत पट्टी गालाशी धरली. पुसला, पुन्हा कालवला. शेवटी काम टाकून ती परत दवाखान्यात गेली.

"माझ्या डोळ्यात तो रंग नाही. काही चूक तर नाही ना झाली?"

"नाही हो. तेव्हा दाब मोजायची सोय नव्हती. दिसेल त्यावरून नाव द्यायचे, मोतीबिंदूसुद्धा त्यातच गणला जायचा. हा आजार बहुतेकदा वरून काहीच दाखवत नाही. रक्ताच्या नात्यात मात्र असू शकतो. भावंडं आहेत?"

धाकटा भाऊ बस चालवायचा. ताई तडक डेपोत गेली.

"मला लांबची पाटी वाचता येते, ताई. उगाच डोकं खाऊ नकोस."

"पाटी समोर असते रे. मलाही समोरचा रंगाचा डबा दिसतो. रॅक दिसत नाही."

तो कुरकुरतच दवाखान्यात आला. त्याचाही दाब वाढलेला निघाला, पण नस अजून शाबूत होती. बाईंनी त्यालाही थेंब सुरू केले. बाहेर बाकावर तो बराच वेळ किल्ली फिरवत बसला.

"मला तर काहीच होत नव्हतं," तो म्हणाला.

"मला तरी कुठे होत होतं?"

भावाचं बस चालवणं सुटलं नाही. ताईची डावी बाजू गेली ती गेलीच. रोज सकाळी ती त्याला फोन करून थेंब टाकलेस का विचारते, तो हो म्हणतो, आणि दुपारी हातातला रंगाचा डबा खाली ठेवून ती पुन्हा तेच विचारायला फोन लावते.