चार बोटांचं अंतर

यशवंत नार्वेकरने गोकुळदास परबला पहिली खरी थप्पड मारली तेव्हा गोकुळदास अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि यशवंत साठीचा. त्याआधीची एकतीस वर्षं यशवंत त्याला दर वर्षी, पाच-सहाशे माणसांच्या देखत, थपडा मारत आला होता. त्यातली एकही लागली नव्हती.

गोकुळदास डिचोलीजवळच्या सर्वणचा. बावीस वर्षं त्याने खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर वर्षभर शेतात राबला आणि मग शाळेच्या बालरथावर, म्हणजे पोरांच्या बसवर, लागला. सकाळी पोरांना घेऊन जायचं, दुपारी आणून सोडायचं. स्वभाव अबोल. घरात बायको सुलोचना बोलायची आणि हा हुंकार भरायचा. पण गावच्या उत्सवात देवळासमोर मंडप पडला, नाटक उभं राहिलं की हाच माणूस भिवा नोकर व्हायचा आणि त्याच्या नुसत्या एंट्रीला पोरं ओरडायला लागायची.

फार्स यशवंतचाच. डिचोलीच्या बाजारात त्याचं शिवणाचं दुकान. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागच्या पानांवर त्याने तो लिहिला होता. शेटच्या मुलीला बघायला पाहुणे येतात आणि भिवा नोकर त्या दिवशी जे हातात घेईल त्याचा विचका करतो, एवढीच गोष्ट. शेट यशवंत, भिवा गोकुळदास. पहिल्या अंकात पाच थपडा. तिसरी थप्पड खाऊन भिवा सात कपांचा ट्रे हातात घेऊन बाकावरून मागे उलटा पडतो आणि ट्रेमधला एकही कप खाली पडत नाही.

हे पडणं गोकुळदास शेतातल्या गवताच्या गंजीवर शिकला होता. थपडेचं गणित दोघांनी मिळून बसवलं. यशवंतचा पंजा गालापासून चार बोटांवर थांबायचा. त्याच क्षणी गोकुळदास प्रेक्षकांकडे पाठ करून पोटाजवळ टाळी वाजवायचा. ट्रे हातात असला की टाळीऐवजी बाकावर टाच आपटायची. आवाज मंडपाबाहेर खाजे विकणाऱ्यापर्यंत जायचा. ही युक्ती लहान पोरांनाही ठाऊक होती. तरी सगळे हसायचे.

त्यांना दुसरी एक गोष्ट जमायची, जी फारशी कोणाला ठाऊक नव्हती. हशा एकदम येत नाही. आधी पुढे बसलेली पोरं हसतात, मग डावीकडच्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी मागे हात बांधून उभे असलेले पुरुष. गोकुळदास पडल्या जागी पडून ऐकत राहायचा. मागचा हशा येऊन अर्धा उतरला की उठायचा. त्याआधी उठलं तर हशा तुटतो, नंतर उठलं तर थंड होतो. यशवंतही तेवढा वेळ हात उगारलेलाच ठेवून उभा राहायचा.

दोन वर्षांपूर्वी उत्सवाला सेजल नावाची मुलगी आली होती. मांद्र्याची. तिचे आई-वडील समुद्रावर पाहुण्यांना खोल्या देतात. ती पुण्यात शिकून आलेली आणि पर्वरीच्या एका वाहिनीसाठी कार्यक्रम करणारी. फार्स बघताना ती इतकी हसली की शेजारच्या बाईने तिला पाणी दिलं. पंधरा दिवसांनी ती यशवंतच्या दुकानात आली. गोकुळदासलाही बोलावून घेतलं होतं.

“तेरा भाग करूया,” ती म्हणाली. “दर रविवारी एक. भिवा आणि शेट. तुम्ही स्टेजवर जे करता तेच करायचं.”

“ताच?” यशवंतने विचारलं.

“तेच. फक्त समोर कॅमेरा.”

गोकुळदासने यशवंतकडे बघितलं. यशवंत टेप गळ्यात अडकवून हसत होता. एकतीस वर्षांत आपला शेट गावाबाहेर जाईल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी दोघे कदंबा बसने पर्वरीला गेले. एका मोठ्या हॉलमध्ये शेटचं घर उभं केलं होतं. खऱ्या खुर्च्या, खरा पंखा, खिडकीला पडदे. हॉल गार होता. तीन कॅमेरे आणि दहा-बारा माणसं. आवाजात आवाज मिसळेल म्हणून कोणी हसायचं नाही, असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं.

तिसरी थप्पड आली. गोकुळदास ट्रेसकट बाकावरून उलटा गेला. कप एकही पडला नाही. तो जमिनीवर पडून राहिला. पंखा फिरत होता. यशवंत हात उगारून उभा होता.

“काका, उठा ना,” थोड्या वेळाने सेजल म्हणाली.

“उठतंय,” गोकुळदास म्हणाला. “पण कोण हसलाच नाय.”

हसू नंतर भरता येतं, असं तिने समजावलं. किती वेळ पडून राहायचं, ते तिने बोटांवर सांगितलं. तीन मोजायचे आणि उठायचं. गोकुळदासने तीन मोजले, पण प्रत्येक वेळी त्याचे तीन वेगळे भरत होते.

खरी अडचण पुढे निघाली. सगळं पडद्यावर बघितलं तेव्हा यशवंतचा हात आणि गोकुळदासचा गाल यांच्यामधली चार बोटं स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या कॅमेऱ्यात पोटाजवळची टाळीही दिसली. कॅमेरा इकडून लावला, तिकडून लावला. दुपारपर्यंत गोकुळदास अकरा वेळा पडला. त्याची कंबर भरून आली. कार्यक्रमाचा निर्माता घड्याळ बघत होता. शेवटी तो म्हणाला, “एक खरीच मारा ना. हलकी. एकच लागेल आपल्याला.”

सेजल हातातल्या कागदात बघत राहिली. यशवंतने हात खिशात घातला.

“माजो हात थंयच थांबता,” तो म्हणाला. “एकतीस वर्सां थांबलो. आज माज्यान जमूचा नाय.”

“मार रे,” गोकुळदास म्हणाला. “एक काय, तितक्यान मी मराचो नाय. पोरग्यांका घराक सोडूक आज बदली माणूस दिलोसा. संध्याकाळपर्यंत हंय रवाक जायत काय?”

यशवंतने मारली. हलकी म्हणून मारली होती, पण ज्या हाताला कधी लागायची सवय नव्हती, त्याला हलकी किती ते कसं कळणार? आवाज चांगलाच झाला. गोकुळदासला थप्पड येणार हे माहीत होतं. तरी ती लागल्यावर क्षणभर त्याने यशवंतकडे असं बघितलं, जसं रस्त्यात ओळखीचा माणूस ओळख न दाखवता निघून गेल्यावर बघतात. मग तो ठरल्याप्रमाणे उलटा पडला.

“उत्तम,” निर्माता म्हणाला.

परतीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसले. डिचोलीला उतरताना यशवंत एवढंच म्हणाला, “गालाक खोबरेल लाव.”

पहिला भाग रविवारी सकाळी अकराला लागला. गोकुळदासच्या घरात बसायला जागा नव्हती. शेजाऱ्यांनी आपापल्या खुर्च्या आणल्या. सुलोचनाने सगळ्यांना पाव-भाजी आणि चहा दिला. यशवंतही आला आणि दाराजवळ उभा राहिला.

सुरुवातीला भिवा पाहुण्यांसाठी चहा मांडतो. कप सात, पाहुणे आठ. तो कप मोजतो, पाहुणे मोजतो, परत कप मोजतो, आणि मग हळूच आपल्यालाच मोजून बघतो, की चुकून आपण तर पाहुण्यांत धरले गेलो नाही. स्टेजवर हे गोकुळदास स्वतःसाठी करायचा. पुढच्या पडण्याआधी मन जाग्यावर यावं म्हणून. तिसऱ्या रांगेच्या पलीकडे ते कधी कोणाला दिसलंच नव्हतं. टीव्हीवर त्याचा चेहरा अख्ख्या पडद्यावर आला. भुवया, डोळे, ओठांचा हिशेब. घर हसून हलायला लागलं.

“ह्या मी करतंय?” गोकुळदासने सुलोचनाला विचारलं. त्याने स्वतःला हे करताना आयुष्यात बघितलं नव्हतं.

मग थपडा आल्या. पहिल्या दोन दुरून घेतलेल्या, गेल्या कशातरी. तिसऱ्या वेळी कॅमेरा जवळ होता. हात गालावर बसला, गाल हलला, आणि भिवाचे डोळे पडदाभर झाले. टीव्हीतून भरलेलं हसू खो खो करून बाहेर आलं. घरात कोणी हसलं नाही. मग पडणं आलं, तेही तीन तुकड्यांत. आधी पाय, मग ट्रे, मग जमीन. पडणारा माणूस पूर्ण कुठे दिसलाच नाही. शेजारच्या घरातली अंकिता सहा वर्षांची. दर उत्सवात सगळ्यांत पुढे बसणारी. ती उठून गोकुळदासजवळ आली आणि विचारलं, “आजो, तुका लागला?”

“नाय गे,” तो म्हणाला. पण तिने त्याचा गाल हात लावून बघितला.

लोक गेल्यावर सुलोचना कप विसळत म्हणाली, “स्टेजार तू पडतंस तेव्हा माका म्हायत आसता, तुका काय होणा नाय. म्हणान मी हसतंय. हंय माका कळला नाय.”

गोकुळदासने नेहमीप्रमाणे हुंकार भरला नाही. “थंय पर्वरीत मी पण हसलंय नाय,” तो म्हणाला.

यशवंत भाग संपायच्या आधीच निघून गेला होता. सोमवारी बालरथ शाळेत लावून गोकुळदास त्याच्या दुकानात गेला. यशवंत मशीनवर होता. मान वर न करता म्हणाला, “मी पुढे येवचंय नाय.”

“तू नाय तर शेट कोण?”

“गावात कोणीय मिळतलो.” त्याने धागा तोडला. “गोकुळ, स्टेजार थाप्पड मारली काय लोक हसतत, कित्याक? थाप्पड नसता म्हणान. थंय कॅमेऱ्याफुडे त्येंका खरी व्हयी. खरी थाप्पड मारून दाखवची तर माझो शेट कित्याक? खंयच्याय घरात मिळता ती.”

गोकुळदास बाकावर बसला आणि त्याने गालावरून हात फिरवला. मग तो म्हणाला, “लागली नाय माका तितकी.”

“माका लागली,” यशवंत म्हणाला.

त्याच आठवड्यात सेजल डिचोलीला आली. तिच्या फोनवर लोकांचे निरोप आले होते. कप मोजणारा भिवा सगळ्यांना हवा होता, थपडेबद्दल कोणी एक चांगला शब्द लिहिला नव्हता. ती यशवंतच्या दुकानात गेली. “त्या दिवशी मी नको म्हणायला हवं होतं, यशवंतबाब,” ती म्हणाली. “मला दिसत होतं. निर्मात्याला सांगायचं धाडस झालं नाही.”

यशवंतने तिच्यासाठी चहा मागवला. परत कॅमेऱ्यासमोर उभं राहायला तो तयार झाला नाही, पण उरलेले बारा भाग लिहून द्यायला तयार झाला. त्यात ना थप्पड, ना पडणं. शेटचं काम पणजीच्या एका नटाला मिळालं. तो चांगला होता. तरी गोकुळदासला पहिले तीन भाग त्याच्याशी बोलताना कोणातरी पाहुण्याशी बोलल्यासारखं वाटत राहिलं.

तेराही भाग झाले. भिवा कुलूप उघडायला बसतो, भिवा फोनवर शेटचा आवाज काढतो, भिवा आंबा खाल्लेला लपवतो. पेडण्यापासून पलीकडे दोडामार्गापर्यंत लोक त्याला ओळखू लागले. बालरथातली पोरं आरशातून त्याचे डोळे बघायची आणि हसायची. गोकुळदासला हे आवडत होतं. फार थोडं करायचं, आणि तेवढंच पुरायचं. इतकी वर्षं आपल्या चेहऱ्यात हे होतं आणि आपण लोकांना फक्त पाठ आणि पाय दाखवत आलो, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

मग उत्सव आला. मंडपात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. यशवंत शेट, गोकुळदास भिवा. कप मोजायचा प्रसंग आला आणि गोकुळदासने तो केला जसा आता त्याला येत होता तसा. भुवई जराशी, ओठ जरासे. पुढच्या दोन रांगा हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “काय करता रे तो?” आणि पुरुष आपापसात बोलायला लागले. थपडेच्या वेळी यशवंतचा हात चार बोटांवर न थांबता वीतभर आधीच थांबला. टाचेचा आवाज झाला, पण हात एवढा लांब होता की लोक गोंधळले. गोकुळदास पडला. हशा आला, पण बायकांपर्यंत पोचून विरला. मागच्या पुरुषांचा हशा येईल म्हणून तो पडून राहिला. तो आलाच नाही.

पडद्यामागे यशवंत मिशी काढत होता. “तू बारीक झालंस,” तो म्हणाला.

“तू लांब गेलंस,” गोकुळदास म्हणाला.

मग यशवंतला हसू आलं, आणि मागोमाग गोकुळदासलाही.

सेजलने यंदा पुन्हा विचारलंय. गोकुळदास जाणार आहे. भिवाचा चेहरा तिथे चालतो, आणि यशवंतही लिहायला तयार आहे. पण मधल्या काळात, शाळा सुटून पोरं घरी पोचली की चारच्या सुमाराला, दोघे देवळाजवळच्या सभागृहात तालीम करतात. उत्सवाला अजून पाच महिने आहेत. सुलोचना कधी कधी येते. तिला त्यांनी सगळ्यांत मागे, दाराच्याही बाहेर पायरीवर बसवलंय. पुरुष उभे राहतात तिथे.

परवा गोकुळदासने कप मोजायचा प्रसंग तीनदा केला.

“दिसला?” त्याने ओरडून विचारलं.

“डोळे दिसनत नाय हंयसर,” ती म्हणाली. “बोटान मोज. आणि तुका मोजतंस तेव्हा छातीर हात मार, मोठ्यान.”

गोकुळदासने पुन्हा सात कप ट्रेमध्ये मांडले. यशवंत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “चल. पहिल्यापासून.”