झाकणभर पाण्याची चित्रं

आधीच सांगून टाकते — आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. भूत, नजर, अंगारा, उतारा... काहीच नाही. मी तीन-चार वर्षांची असताना आमच्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवशी आजोबांनी देव्हारा उचलला तो कायमचा. माझे वडील, बाबूजी, शाळामास्तर आहेत. "का?" असं विचारल्याशिवाय ते चहासुद्धा पीत नाहीत, असं आई म्हणते. त्यामुळे हा अनुभव लिहायला मला चार वर्षं लागली. बोलून दाखवणं तर त्याहून कठीण. मी मुळातच कमी बोलते, त्यात शाळा-कॉलेज अमरावतीला होस्टेलमध्ये राहून इंग्लिश मीडियममधून झालेलं. गावात मी तोंड उघडलं की लोक आधी माझं मराठी ऐकतात, मग म्हणणं.

आमचं गाव कारंजा तालुक्यात, कामरगावपासून तीनेक मैल आत. उन्हाळा त्र्याहत्तरचा, म्हणजे दुष्काळाचं दुसरं वर्ष. बी.ए.ची परीक्षा देऊन मी नुकतीच घरी आले होते.

शाळेत असताना ड्रॉईंगच्या मिसनी एक सवय लावली होती — रोज एक चित्र. छोटं असो, वाईट असो, पण रोज. खोडायचं नाही, मागे तारीख घालायची आणि डब्यात ठेवून द्यायचं. सात वर्षांत मी एकही दिवस चुकवला नव्हता. गावी आल्यावर मात्र प्रश्न पडला पाण्याचा. आमच्या वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर आमच्या बाया घागरी ठेवून लांब उभ्या राहायच्या. कुणाला सवड झाली की वरून ओतणार. तिथे मी वॉटरकलर काय करणार? शेवटी आईशी ठरलं — खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण भरून पाणी, दिवसाला एकदा. तेवढ्यात होईल तेवढंच चित्र. म्हणून माझी त्या वर्षीची सगळी चित्रं अर्ध्या पोस्टकार्डाएवढी आहेत.

तरी ते शेजारच्या गयाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"काहून व मास्तरीनबाई," त्या आईला म्हणाल्या, "आमी घागरी घेऊन उन्हात उभ्या, अन् तुमची पोरगी कागदाले पाणी पाजून राह्यली!"

"झाकणभर हाय व बाई."

"झाकणभर तं झाकणभर. माह्या कोंबडीले द्या, अंडं तं देईन."

मी मान खाली घालून रंगवत राहिले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या हिवाळ्यात वस्तीने स्वतःची विहीर खणायला घेतली होती. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी इथे पहार धरायची. जागा दाखवायला पाणाड्या आणावा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. शेजारच्या गावात एक होता, तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरायचा. बाबूजींनी ठाम नकार दिला. "दीक्षा कायले घेतली आपण? नारळाले विचारून विहीर खणाले?" जागा त्यांनीच ठरवली, सगळी माहिती काढून, नाल्याच्या कडेला. तीस फुटांवर काळा खडक लागला. सुरुंग लावूनही आत ओल नाही.

"मास्तरच्या हुशारीले खडक लागला," असं गयाबाई चारचौघांत म्हणाल्या, आणि बाबूजींनी ते ऐकून घेतलं.

आता लोकांच्या अंगात एकाच खड्ड्यापुरतं बळ उरलं होतं. बाबूजी सगळ्यांसमोर बोलून बसले होते — येत्या रविवारी दुसरी जागा सांगतो, तिथेही पाणी लागलं नाही तर पाणाड्याला मीच हाताला धरून आणीन. त्यांच्यासारख्या माणसासाठी ही केवढी गोष्ट होती, ते आम्हां दोघींनाच माहीत. त्या आठवड्यात ते धड जेवले नाहीत.

आणि त्याच आठवड्यात माझं चित्र वाळेना.

मी रोज सकाळी मागच्या खिडकीत बसून समोरचा माळ रंगवत होते. बोरीचं झुडूप, मुरमाड उंचवटा, त्यावर गयाबाईंच्या गोवऱ्यांची रास. एप्रिलातल्या हवेत वॉटरकलर दोन मिनिटांत कडकडीत वाळतो. पण त्या सोमवारी डब्यातलं आदल्या दिवशीचं चित्र वरच्या झाकणाला चिकटलेलं निघालं. चित्रात उजवीकडे, गोवऱ्यांच्या राशीच्या पायथ्याशी, मुगाच्या दाण्याएवढी जागा ओली. अंगठा टेकवला — अंगठा ओला. मला वाटलं, रंग जाड झाला असेल. नवं चित्र काढलं. तेही वाळलं, तेवढा ठिपका सोडून. मंगळवारीही तेच. चुलीचं चित्र काढलं तर सगळं कोरडं. माळाचं काढलं की तोच ठिपका, तिथेच.

मी घाबरले नाही, खरं सांगते. मला लाज वाटली... बाबूजींच्या घरात, माझ्याच हातून, हे असलं काहीतरी!

बुधवारी मी चित्रं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, हुंगली.

"कागदात दोष आहे."

आईने त्या दिवशी दोन-तीन झाकणं पाणी जास्तीचं दिलं. दुसरा कागद घेतला, त्यांनी स्वतः कापलेला. झाकण उकळलं. टेबल बदललं. त्यांनी स्वतःही एक चित्र काढलं. ते झकास वाळलं — आणि त्यातलं बोरीचं झाड बसलेल्या म्हशीसारखं दिसत होतं. आई तोंडाला पदर लावून हसली. त्या आठवड्यातलं घरातलं ते पहिलं हसू.

गुरुवारी ते म्हणाले, "चल." मला माळाच्या पलीकडे, शाळेच्या ओसरीवर बसवलं. "आता इथून काढ. कागदात किंवा तुझ्या हातात दोष असेल तर ठिपका उजवीकडेच येईल."

तिथून गोवऱ्यांची रास डावीकडे दिसत होती. मी चित्र काढलं. दोघेही बघत बसलो. आभाळ वाळलं, बोर वाळली, मुरूम वाळला... डावीकडे, राशीच्या पायथ्याशी, ठिपका चमकत राहिला.

बाबूजींनी वही उघडली. तीत काहीतरी लिहिलं.

"म्हणजे तिथे खणायचं?" मी विचारलं.

"तो उंचवटा आहे. पाणी उंचवट्यावर शोधतात का?" मग हळूच म्हणाले, "आणि लोकांना काय सांगू? नारळाला हाकललं आणि पोरीच्या चित्राला मानलं?"

"तुम्ही कुठे मानलंत? तुम्ही तर तपासलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही मिटली.

रविवारी सकाळी विहारासमोर सगळे जमले. बाबूजी उभे राहिले, चष्मा पुसला आणि नाल्याकडे बोट दाखवायला हात उचलला. तो हात अर्ध्यावरच थांबला. तेव्हा मी उठले. का उठले, कशी उठले, आठवत नाही. चार माणसांत मी कधी स्वतःचं नावसुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं.

"मला बोलायचं आहे," मी म्हणाले. मागून कुणीतरी माझी नक्कल केली, "मला बोलायचं आहे!" हशा पिकला. मी हसू ओसरेपर्यंत थांबले. मग जे झालं ते क्रमाने सांगितलं. कागद, झाकण, शाळेची ओसरी, सगळं. "यामागचं कारण मला माहीत नाही," असंही सांगितलं. "बाबूजींनाही माहीत नाही. पण दोन्ही बाजूंनी ठिपका एकाच जागी येतो. त्या दिवशीचं चित्र हे आहे. आज चौथा दिवस."

चित्र हातोहात फिरलं. गयाबाईंकडे आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे माह्या गोवऱ्या उचलाच्या? बरी सोय काढली व पोरी!" पुन्हा हशा. मग त्यांनी बोट ठिपक्यावर टेकवलं. बोटाकडे पाहिलं आणि ते सरळ जिभेवर ठेवलं.

हसणं थांबलं.

"बाप्पा," त्या म्हणाल्या, "रंग नाई लागत. गोड पाणी हाय."

चित्र माझ्या हातात देऊन त्या लोकांकडे वळल्या.

"पाह्यता काय आता? उचला माह्या गोवऱ्या!"

मुरूम निघाला, मग पिवळी माती. माझ्या सांगण्यावर माणसं घाम गाळत होती, त्यामुळे मला अन्न गोड लागेना. अकराव्या दिवशी अठरा फुटांवर पहार मारली आणि ती उपसताना पक्क असा आवाज आला. खाली असलेल्याने ओरडून काय सांगितलं ते कळलंच नाही, कारण तोवर वरचे सगळेच ओरडत होते. संध्याकाळपर्यंत गुडघाभर पाणी चढलं. बाबूजी काठावर उभे राहून चष्मा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. आमच्या बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा टाकला. कुणाकडे न बघता, कुणासाठी न थांबता.

गयाबाईंनी भरलेली पहिली घागर त्या आमच्या दारात घेऊन आल्या आणि माझ्या टेबलाशेजारी दणकन ठेवली.

"घे व पोरी. आता दरवाज्याएवढं काढ."

दुसऱ्या सकाळी मी माळ रंगवला, आता विहिरीसकट. दोन मिनिटांत सगळा वाळला.

त्यानंतर मी हे बऱ्याच जणांना विचारलं. कॉलेजातल्या सायन्सच्या सरांना, पाहणीला आलेल्या इंजिनियर साहेबांना. ते म्हणाले, उंचवट्याखाली झरा असू शकतो, त्यात नवल नाही. चित्राबद्दल विचारलं की मात्र विषय बदलतात. बाबूजींच्या वहीत त्या पानावर सगळे प्रयोग नंबर घालून लिहिले आहेत आणि शेवटी एकच ओळ आहे — "कारण: अद्याप समजले नाही." दर वर्षी ते पान उघडतात, "अद्याप"खाली एक रेघ मारतात आणि वही मिटतात.

मी अजूनही रोज चित्र काढते. पाणी हवं तेवढं आहे, तरी झाकण एकच घेते. चित्र झालं की सवयीने त्याच जागी अंगठा टेकवते. अंगठा कोरडा निघतो... आणि खिडकीबाहेर, अगदी तिथेच, रहाट कुरकुरत असतो.