दात कशानं घासता?

माही पोट्टी मोनाली विद्यापीठात आरोग्य संवर्धन शिकते. वस्तीतल्या बायांले ते काही समजत नाई. "डॉक्टर होईल का वं माया, तुही पोट्टी?" नाई. "मंग सिस्टर?" नाई बाप्पा! माणूस बिमारच पडू नये म्हणून काय करावं, ते शिकते. "त्याले कॉलेज कायले पाह्यजे?" असं म्हणे शेजारची अंजनाबाई. तिच्या तोंडाले कोण लागते!

यंदा मोनालीले आपल्याच वस्तीत, मनीषनगरच्या मागं, तंबाखूचा सर्वे करायचा होता. अर्धे मार्क त्याचेच. माणसाहिनं तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो म्हणून छाती फुगवून सांगतलं. बायाहिनं एकजात "नाई" लिहून दिलं. मीबी.

सरांनी फारम वापस केले. "चाळीस घरं अन् एकही बाई तंबाखू घेत नाई? पंधरा दिवसांत पुन्हा करून आण, नाईतर सर्वे धरत नाई."

पोट्टी भर दुपारी भिंतीले टेकून बसली. "आई, ह्या बाया माह्याशी खोटं काहून बोलून राहिल्या वं?"

मले रागच आला. खोटं कोण बोललं? आमच्या मनात तंबाखू म्हणजे माणसाहिचा खर्रा. आम्ही तर नुसते दात घासतो. सकाळी, जेवल्यावर, अन् चार वाजता उगाचच. डब्बीतलं काळं गुडाखू. तंबाखू अन् गुळाचंच असते ते, पण माह्या आईनं त्याले मंजन म्हटलं, मी मंजन म्हटलं, अन् मोनालीनंबी जलमापासून मंजनच ऐकलं.

पण हे तिले सांगायचं म्हणजे तोंडबी दाखवायचं. दोन महिन्यांपासून गालात आतून पांढरा चट्टा होता. तिखट घास गेला की आग आग होये. भेव वाटे, म्हणून कोणाले सांगतलं नोतं. दिव्याखाली अंधार म्हंतेत, तो असा.

शेवटी मी उठली, मोरीतली डब्बी आणून तिच्यापुढं ठेवली. "पह्यले माहं लिही," म्हटलं, अन् तोंड उघडलं.

तिनं मोबाईलचा टॉर्च मारला. चट्टा पाह्यला. मंग माह्या पदरात तोंड घालून रडली. रडणं झाल्यावर फारमावरचा 'तंबाखू घेता का?' हा पहिला सवाल खोडला अन् लिहिलं, "दात कशानं घासता?"

दुसऱ्या दिवशी मले दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासाले धाडला. तीन दिवसांनी रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "वेळेवर आल्या. अजून बिघडलं नाई, पण डब्बी आजपासून बंद." आठ दिवस माहं डोकं असं ठणकलं, विचारू नका. सारी चिडचिड नवऱ्यावर निघाली.

तशातच आम्ही मायलेकी फारम घेऊन निघालो. पहिलं घर अंजनाबाईचं.

"जयभीम काकू. दात कशानं घासता?"

"मंजनानं. अजून कायनं?"

"दाखवा ना मंजन."

अंजनाबाईनं माह्याकडं डोळे वटारले. "तूच सांगतलं वाट्टे?"

"हौ."

"अन् हिनं तुहं तोंड पाह्यलं?"

"पाह्यलं."

ती मंग उंबरठ्यावर बसली अन् मोनालीले म्हणाली, "माहंबी पाह्य वं पोरी. मलेबी तिखट खाता येत नाई."