राणीची ऊब आणि आजींचा गुडघा

"मॅडम, दोनशे वॅटचा बल्ब लावलाय, तरी राणी त्यालाच चिकटून बसती. अजून एक लावू का?"

"आहे तोही आधी बंद करा," मी भाऊसाहेबांना फोनवर सांगितलं आणि गाडी काढली.

संगमनेर भागात मी गाईगुरांची डॉक्टर. राणी म्हणजे भाऊसाहेबांची बॉल पायथन, परदेशी जातीचा छोटा अजगर, सरकारी नोंद करून पाळलेला. भाऊसाहेबांची पोल्ट्री आहे. थंडी पडली तशी त्यांनी राणीची सोय कोंबडीच्या पिल्लांसारखी केली. पेटीत भाताचं तूस आणि आत लोंबता बल्ब. पाणी पाजायचं भांडंसुद्धा पोल्ट्रीतलंच.

राणीच्या पाठीवर भाजल्याचा लाल पट्टा होता. बिचारी. सापाला पाठ भाजतेय हे लवकर कळत नाही, तो गरम वस्तूला बिलगून राहतो. म्हणून बल्ब आत नको. पेटीच्या अर्ध्या भागाखाली, बाहेरून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावायची. तिला थर्मोस्टॅट हवाच. इस्त्रीत असतो तसा, ठरलेली गरमी झाली की वीज तोडणारा. एक बाजू बत्तीस अंश, दुसरी पंचवीस-सव्वीस. साप आपला आपण सरकतो.

"निम्मी पेटी गारच ठेवायची?" भाऊसाहेबांना ते पटेना. "पिल्लं मरतील की."

"ही पिल्लू नाही, भाऊसाहेब."

खाटेवरून आजी, भाऊसाहेबांच्या आई, बोलल्या, "सापाला शेक, आन् माझ्या गुडघ्याला कोन इचारतंय? डॉक्टरीनबाई, रविवारपस्तोर ही बरी झाली न्हाई, तर दोगंबी पोल्ट्रीत झोपा म्हनावं."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. राणीवर त्यांचा फार जीव.

सामान पुण्याहून दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी मलम लावलं. तोवर आजींची गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीखाली एका बाजूला ठेवा म्हणाले, आणि झाकणातलं वायरचं भोक बुजवायला सांगितलं. त्यांनी ते भोक कोंबडीखाद्याच्या गोणीचा बोळा कोंबून बुजवलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर बोळा खाली, पेटी रिकामी. पेटीखालची पिशवीही नाही. भाऊसाहेब फ्रिजमागे डोकं घालून "राणी, राणी" करत होते. सापाला कान नसतात, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"काय हुडकताय रं सकाळधरनं?" आजी गोधडीतून म्हणाल्या. "माझ्या पिशवीला तेवढं हात लावू नका. आज पैल्यांदा गुडघ्याला नीट बसलीय. जरा बी सरकत न्हाई."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोधडी उचलली. पिशवी आणि गुडघा यांना एकत्र वेढा घालून राणी निवांत पडली होती.

"आजी, पाय हलवू नका."

आजींनी वाकून पाहिलं.

"कशाला हलवू?" त्या म्हणाल्या. "दुखायचं थांबलंय."

राणीला सोडवताना आजींनीच कुरकुर केली. मग दुपारी मॅट बसली, थर्मोस्टॅट बसला, झाकणाला कडी लागली. रविवारी राणीने उंदीर खाल्ला. भाऊसाहेबांनी मला त्याचा फोटो पाठवला, मी जेवत असताना.

आजींनी निकाल दिला, "ऱ्हाऊ द्या तिला. पन माझी पिशवी मागायची न्हाई."

महिन्याने आजींच्या गुडघ्यावर फोड आला. भाऊसाहेब आता पिशवीत उकळतं पाणी भरून, ती सरकू नये म्हणून वर घट्ट पट्टी बांधत होते. माझं काम जनावरांचं, तरी सांगावंच लागलं: ऊब कोणालाही द्या, पण नको झाली की सरकायला जागा ठेवा.