शाल नको, शिवी द्या

सईदाआपाशी माझी ओळख झाली ती एका ब्लाउजमुळे. कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर ती शिवणकाम करायची. मी पुण्याहून शिवून आणलेला ब्लाउज सैल करून घ्यायला गेले होते. तिने ब्लाउज पाहिला, मग मला पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "ब्लाउज बरोबर हाय. बाय वाढली."

मला राग यायला वेळ लागत नाही. मी ब्लाउज उचलून निघणार, तोच तिने मशीन सुरू केली आणि मशीनच्या खडखडाटावर गुणगुणायला लागली:

पुण्याची बाय आली गो, ब्लाउज झाला तंग गो,
कुवेतचा भात खाऊन बदलला तिचा ढंग गो!

मी दारातच हसत बसले. आपल्यावर कुणी गाणं रचलंय, तेही उभ्या उभ्या, ही गोष्ट माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती. आमच्या पुण्यात अपमान करतात, पण गाऊन करत नाहीत. गाऊन केला की तो एवढा गोड लागतो, हे मला तिच्याकडून कळलं.

सईदाआपा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावची. तिथल्या मुसलमान घरांत लग्न म्हटलं की हळदीला बायका समोरासमोर बसतात. एकीकडे नवरीकडच्या, दुसरीकडे नवऱ्याकडच्या, मधे ढोलक. नवरीकडच्यांनी गाण्यातून विहिणीची, म्हणजे नवऱ्याच्या आईची, यथेच्छ टर उडवायची आणि तिकडच्यांनी परतफेड करायची. सईदाआपाची फुफी, म्हणजे आत्या, फातिमा ही गावातली नामांकित गाणारी. एका लग्नात फुफी ऐन रंगात ओळ विसरली, तेव्हा मागून परकरातल्या सईदाने नवी ओळ पुरवली. ती मूळच्या ओळीपेक्षा जहाल होती. तेव्हापासून फुफी तिला शेजारीच बसवायची.

पुढे तिचं जहीरभाईंशी लग्न झालं. ते अर्दियात गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात होते, म्हणून ती कुवेतला आली. इथल्या पहिल्याच हळदीत तिला धक्का बसला. बायका समोरासमोर बसलेल्या होत्या खऱ्या, पण मधे ढोलकच्या जागी हा एवढा मोठा स्पीकर! त्यावर सिनेमाची गाणी, आणि बायका एकमेकींच्या साड्यांच्या किमतीचा अंदाज करत गप्प. कुणाचा तरी पाय लागून स्पीकरची वायर निघाली. हॉलमध्ये शांतता पसरली, आणि सईदाआपाला ती सहन झाली नाही. नवऱ्याची आई बहारीनहून आली होती, तिचं सामान म्हणे वजनात बसलं नव्हतं. आपाने समोरची थाळी उलटी केली आणि तिच्यावर ठेका धरला:

विहीण आली विमानानं, वजन झाला फार गो,
बॅगा उतरल्या खाली, तरी तोऱ्याचा भार गो!

विहीणबाई इतक्या हसल्या की हातातला समोसा मांडीवर पडला. त्या दिवशी स्पीकरची वायर परत कुणी जोडली नाही. मग मात्र आपाला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. फाहाहीलपासून जहरापर्यंत कुठेही कोकणी लग्न ठरलं की आधी हॉल, मग सईदाआपा. लहानपणी मी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, ही गोष्ट माझ्या तोंडून निसटली आणि मी तिची ढोलकवाली झाले. माझा नवरा गुरुप्रसाद अहमदीच्या तेल कंपनीत इंजिनिअर. "बायको शुक्रवारच्या सुट्टीत काय करते?" असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "लोकांच्या सासवांना शिव्या घालायला जाते."

गाणं रचायची तिची एक पद्धत होती. लग्नाआधी ती नवऱ्याच्याच घरातल्या कुणाला तरी फोन करायची. चुलती, आत्या, कधी चक्क धाकटी बहीण. "विहिणीची एक खोड सांग. एकच, पन खरी पायजे." खोटी खोड तिला चालायची नाही, आणि रंग, पैसा, मूलबाळ, कुणाचं आजारपण यांना ती हात लावायची नाही. "खोड असावी, व्यंग नसावा," हा तिचा कायदा. मग ती मशीनवर बसायची. शिलाई सरळ धावली तर ओळ बरोबर. मशीन अडखळली की शब्द बदल! अशा पद्धतीने तिने सालमियाच्या एका विहिणीला, जी सालन म्हणजे साधा रस्साही हॉटेलातून मागवायची, अजरामर केलं:

विहिणीच्या घरात गो, रांधायचा ताप नाय,
पराठा येतो थैलीतून, सालनाला बाप नाय!

हे गाणं फोनाफोनी करत थेट तिच्या गावी पोचलं. तिथून तिच्या मामेबहिणीने तेच परत तिला पाठवलं, वर लिहिलं, 'आपल्या आजीच्या वेळचं जुनं गाणं.' मी भडकले. म्हटलं, आजीच्या वेळी थैलीतले पराठे कुठे होते, सांग तिला की हे तू रचलंयस! आपा खुशीत मान हलवत राहिली. "राहू दे गो. माझा गाना आजीचा झाला. आनी काय पायजे?"

एकदा तिच्या हातून घोळ झाला. सुलैबियातल्या एका लग्नात नवऱ्याकडच्या सगळ्या बायकांची नावं तिने गाण्यात गुंफली आणि ताहिराचाची राहून गेली. दुसऱ्या दिवशी चाचीचा फोन. रडवेला आवाज. "माझ्यात काय एक पन खोड नाय? मी काय त्या घरची नाय?" कारण हिशेब साधा होता. जिची टर उडवली ती आपली. जिला वगळलं ती पाहुणी. आपाने फोनवरच चाचीच्या घोरण्यावर चार ओळी गाऊन तिची समजूत काढली.

आणि मग तिच्या मुलाचं, यासिरचं लग्न ठरलं.

मुलगी हिबा. कुवेतमध्येच जन्मलेली, आर्किटेक्ट, हसरी, मराठी कळणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. हिबाची आई नूरबानू मूळच्या श्रीवर्धनकडच्या. इथे एका शाळेत सुपरवायझर, बोलणं मोजकं आणि इस्त्री केलेलं. बातमी फुटली तशी सगळ्या कोकणी बायकांत खळबळ उडाली. इतकी वर्षं जिने कुवेतमधल्या एकूण एक विहिणीला सोलून काढलं, ती आता स्वतः विहीण! आपाला तर लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. "बग तू, आता माझी कशी साल काढतात," असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

तेवढ्यात नूरबानूंचा फोन आला. हळदीला डीजे ठरवलाय. गाणी-बिणी नकोत. "तुमचा केवढा मान आहे समाजात. तुमच्यावर कोण कसं गाणं म्हणणार? आम्ही तुमचा छान सत्कार करणार आहोत. शाल देऊन."

आपाने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "शाल! मी काय रिटायर झाले?"

आधी आम्ही दोघी हसलो. मग तिचं हसणं थांबलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण ती रडवेली झालेली मी पाहिली नव्हती. "उल्काताय, सगल्यांच्या विहिणी मी घरच्या केल्या," ती म्हणाली. "मना कोनी घरची करनार नाय काय? शाल देऊन लांब बसवनार? माझी सून येनार, आनी मी तिची पाहुनी!"

"मी सांगते नूरबानूंना," मी म्हटलं.

"नाय हां! मागून घेतलेली शिवी काय कामाची?"

मी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी नूरबानूंच्या घरी जाऊन थडकले. मला राहवलं नाही आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. जे काय होतं ते सगळं बोलले. त्यांनी मला कहवा दिला, खजूर दिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उल्काबाई, तुमचं बरोबर असेल. पण होणाऱ्या व्याह्यांच्या घरच्यांची हॉलभर चेष्टा करायची, हे मला जमायचं नाही. वाईट दिसतं ते." त्यांचा स्वर इतका सभ्य होता की भांडायलाही जागा नव्हती. कोपऱ्यात हिबा मोबाइल बघत बसली होती. तिने मान वर केली नाही. ही काय मदत करणार, असं मनात म्हणत मी चरफडत घरी आले.

हळदीच्या दिवशी सकाळी हिबाचा मला मेसेज: 'उल्का आंटी, ढोलक आणा प्लीज.' मला वाटलं, फोटोसाठी हवी असेल. हल्ली फोटोला काय काय लागतं.

हॉल फाहाहीलचा. सत्कार झाला. शाल आली, गुच्छ आला, नूरबानूंनी चांगलं भाषण केलं. आपा शाल पांघरून खुर्चीत बसली होती आणि उगाच सगळ्यांकडे बघून हसत होती. मला ते हसू बघवेना. मग डीजे सुरू होणार, तोच पिवळ्या कपड्यांतली, गालाला हळद माखलेली हिबा उठली. नवरीने हळदीला मान खाली घालून बसायचं असतं. हिने सरळ माईक घेतला.

"उल्का आंटी, इकडे या. आमच्या साइडला."

मी ढोलक उचलून नवरीकडे निघाले, तशी आपा मागून ओरडली, "फितूर!" पण तिचे डोळे मोठे झाले होते. हिबाने घसा साफ केला आणि गायला लागली:

सासू माझा टेलर गो, जीभ त्याचा कात्री गो,
दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी ऐकतो रात्री गो!

हॉलमध्ये कुणी हसेना. नूरबानूंनी कपाळाला हात लावला. खोड अगदी खरी होती. आपाच्या व्हॉइस मेसेजनी आम्ही सगळ्याच गांजलो होतो. नवऱ्याकडच्या रांगेत यासिर एकदम छताकडे बघायला लागला, तेव्हा माहिती कुणी पुरवली तेही कळलं. सगळ्यांच्या नजरा आपाकडे लागल्या. ती उठून उभी राहिली. शाल खाली पडली.

"थांब!" ती गरजली. हिबाचा चेहरा पांढरा पडला.

"सासू 'माझा' काय? मना काय मिश्या हायत? आनी 'दहा मिनिटांचा' कशाला घातलास मधे? बग, उल्काताईची ढोलक अडकली. असा म्हन—"

आणि भर हॉलमध्ये, हातवारे करत, ती स्वतःवरच गायला लागली:

सासू माझी टेलर गो, जीभ तिची कात्री गो,
व्हॉइस नोट सकाळी सुरू, संपते ती रात्री गो!

आता मात्र हॉल फुटला. बायका टाळ्या पिटत पुढे सरकल्या. ताहिराचाची तर खुर्चीवर उभी राहिली. इतक्या वर्षांचं सगळ्यांचं उट्टं एकदम निघत होतं. हिबाने दुसरं कडवं घेतलं, ते तिने चांगलं घोटलेलं दिसत होतं:

नवरा झाला घोडा गो, आई सोलते अंडा गो,
उद्यापासून त्याच्या हाती देईन झाडूचा दांडा गो!

आपा टाळी वाजवत ओरडली, "ह्या बरोबर!" यासिर कुठे दिसेना. आणि तिसऱ्या कडव्याला मी बघते तर नूरबानू, चष्मा काढून, डोळे पुसत, आमच्यात बसून ध्रुवपद म्हणत होत्या. सूर लागत नव्हता, पण आवाज मोठा होता.

गाणं संपलं तशी हिबा धावत आपाकडे गेली. धाप लागलेली, हळद घामाने ओघळलेली. "आंटी, सॉरी, फार रूड झालं का?"

आपाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला घाई नव्हती.

"आंटी कोनाला बोलतेस?" ती म्हणाली. "सगल्या कुवेतसमोर माझी साल काढलीस. आता अम्मी बोल."