सारखे दिसणारे दोन वाफे

ते शास्त्रज्ञ वास्कोहून बसने आमच्या पार्से गावात यायचे आणि चपला काढून माझ्या मिरचीच्या वाफ्यांपाशी बसायचे. एका वाफ्यात आमचे साधे बी होते, दुसऱ्यात त्यांचे. विजेने उजळलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात, त्यात धरलेले बी जोमाने रुजते, असे त्यांनी मला समजावले होते. प्रत्येक रोपाला बोट लावून ते मोजायचे.

त्यांच्या संशोधनाला पुढे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला मोठे साहेब येणार होते. त्यांची शेवटची मोजणी झाल्यावर साध्या वाफ्यात बरीच रोपे मेली होती. पाहुण्यांना रिकाम्या जागा दिसू नयेत, म्हणून मी आठ दिवस आधी प्लाझ्माच्या दाट वाफ्यातली रोपे काढून तिथे लावली.

शास्त्रज्ञांना घेऊनच साहेब आले. एकजण हसून म्हणाला, "दोन्ही सारखेच की हो. मग तुमचे यंत्र कशाला?"

मी माडामागे उभी होते.

साहेबांची गाडी गेल्यावर शास्त्रज्ञांनी सदऱ्याने चष्मा पुसला. "झाडं खोटं सांगत नाहीत गो माई. माझंच कुठेतरी चुकलं."

पैसे बंद झाले. ते पुन्हा आले नाहीत. वाफा राखणाऱ्या बाईला त्या दिवशी कुणीच काही विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायला मी कधी शिकले नाही.