ताईने चुकवलेली सलाईन

डीएनएचे तुकडे गरम करायचे आणि तासन्‌तास हळूहळू थंड होऊ द्यायचे. मग ते आपले आपण एकमेकांना धरतात, त्यांची डोळ्यांना न दिसणारी डबी बनते आणि तिच्यात कॅन्सरची दोन औषधं एकत्र भरता येतात. ऐकायला किती सोपं! लखनौच्या मे महिन्यात वीज चार वेळा गेली, मशीन चार वेळा बंद पडलं, आणि चारही वेळा नुसता गाळ हाती आला. माझी विद्यार्थिनी शांतपणे म्हणायची, "मॅम, फिर से कर लेते हैं." फिर से! जशी काही कढीच फाटली होती.

पाचव्यांदा जमलं. तेलीबागला घरी पोचताच मी अकोल्याला ताईला फोन लावला. ऑपरेशननंतर तिची केमो चालू होती. तिला तेवढाच धीर म्हणून दर रविवारी मी या डबीबद्दल रंगवून सांगायची.

"झालं? अगं बाई! मग मीच येते तिकडे, अमौसी विमानतळावर घ्यायला ये," ती म्हणाली. मी हसले. "बरं झालं थांबले," ती पुढे म्हणाली. "केमोच्या दोन सलाईन घेतल्याच नाहीत मी."

"काय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडलेच. "आणि भाऊजी गप्प बसले?"

"त्यांना सांगितलं ना, तूच थांब म्हणालीस म्हणून."

"मी? मी कधी म्हणाले?"

"तूच नाही का म्हणालीस, सलाईनचं औषध अंगभर फिरतं, तुझ्या डबीतलं नेमकं गाठीपाशी जातं?"

म्हणाले होते. ही डबी अजून काचेच्या नळीतच आहे, उंदरालासुद्धा दिलेली नाही, हे मात्र एकदाही म्हणाले नव्हते. ते सांगितलं असतं तर माझं काम तिला फुटकळ वाटलं असतं. इतकी मी शहाणी! आता तेच सगळं सांगितलं, तेही तिच्यावरच खेकसत.

ताईने हळूच विचारलं,

"किती वर्षं लागतील?"

"माहीत नाही, ताई. कदाचित होणारही नाही."

"मला वाटलं, माझ्यासाठीच करतेयस."

"उद्या सकाळी दवाखान्यात जा," मी म्हणाले. "डॉक्टरांना सांग, चूक माझ्या बहिणीची आहे."